मौनाचं उद्यापन

माझ्या नवऱ्याच्या आतड्याला माझा आवाज सोसत नाही, असा निष्कर्ष एका यंत्रानं काढला आणि नवऱ्यानं तो लगेच मान्य केला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात माझं एक म्हणणं त्यांनी इतक्या चटकन मान्य केलेलं मला आठवत नाही.

मी उल्का पाटणकर, राहणार कराड. यजमानांना तुम्ही ऐकलं असेल. श्रीरंग पाटणकर, व्याख्याते. 'पानिपतानंतर' हे त्यांचं गाजलेलं व्याख्यान. दीड तास, उभ्यानं, हातात कागद नाही. हल्ली डोळ्यांवर चष्मा चढवला की अख्खी लढाई दिवाणखान्यात उभी राहते, घोडे सोफ्यावरून उड्या मारतात, तरी गावोगावच्या व्याख्यानमालांत लोक सतरंजीवर बसून ह्यांना ऐकतात. जिवंत माणूस समोर उभा राहून बोलतो याचं अप्रूप उलट वाढलंच आहे. ह्यांचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला कळू नये. माझाही आवाज मोठाच. फरक एवढाच, की त्यांच्या आवाजाला लोक ओजस्वी म्हणतात आणि माझा ऐकून म्हणतात, 'पाटणकरीणबाई आल्या वाटतं.'

रक्त पडायला लागलं तेव्हा ह्यांनी वर्षभर मूळव्याध समजून चूर्णं खाल्ली. ती जागा डॉक्टरला दाखवायची लाज. हजार माणसांसमोर लाख बांगडी फुटल्याचं सांगताना जो अडखळत नाही, तो बाप्या डॉक्टरसमोर 'शौचाला त्रास होतो' एवढं म्हणेना. शेवटी मीच सांगितलं, दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात. गुदाशयाचा कर्करोग निघाला. रेडिएशनचे शेक झाले, ऑपरेशन झालं, काही महिने पोटावर पिशवी लावली, मग तीही काढून आतडं पुन्हा जोडलं. जीव वाचला. त्या बोंबलण्याबद्दल मला काही कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही.

आम्ही पेढे वाटले. पेढे वाटून झाले आणि मग खरं काय ते कळलं.

गुदाशय म्हणजे घरातली कोठी. माल येतो, साठतो, सवड झाली की बाहेर काढायचा. ह्यांची कोठीच कापून टाकली आणि वरचं आतडं खाली ओढून शिवलं. त्या आतड्याला जन्मापासून एकच काम ठाऊक, पुढे ढकलणं. साठवणं त्याच्या गावी नाही. त्यामुळे दिवसातून पंधरा-वीस वेळा पळायचं. जाऊन आलं, पायजम्याची नाडी बांधली, की पुन्हा पळायचं. वारा सरतोय की आणखी काही, तेही कळायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, रिपोर्ट उत्तम आहे. रिपोर्ट उत्तमच होता. पण कराडहून निघालेला माणूस उंब्रजला पोहोचेपर्यंत दोन पेट्रोलपंप धरत होता, आणि त्यातल्या एका पंपाच्या संडासात मी ह्यांना लहान पोरासारखं रडताना ऐकलं. व्याख्यानांची बोलावणी येत होती, हे घसा बसलाय म्हणून सांगत होते. घसा कुठला बसतोय, ह्यांचा तर बसायचाच प्रश्न होता.

म्हणून पुण्याला जाऊन शिवणीच्या खाली 'स्वाधीन' बसवलं. कंपनीनं ठेवलेलं नाव ते. मी त्याला कडं म्हणायची, कारण ते कडंच होतं. विजेचा हलका प्रवाह दिला की आवळणारं आणि काढला की सैलावणारं, कृत्रिम स्नायूचं. नुसतं आवळून धरणारी कडी पूर्वीही निघाली होती, पण वरून आतड्याची लाट आली आणि खाली दार घट्ट, तर शिवणच उसवायची. तेव्हा कड्याला लाट यायच्या आधी कळायला हवं. ते कसं कळणार? तर आतड्याला नसांचं स्वतःचं जाळं असतं आणि डोक्यातल्या मेंदूशी त्याचं अखंड गुळपीठ चालू असतं. परीक्षेच्या सकाळी पोरांच्या पोटात कळ येते ती काही पेपर खाल्ल्यानं येत नाही. म्हणून ह्यांच्या कानामागे, कातडीखाली, हरभऱ्याएवढं बटण बसवलं. ते नाडी मोजायचं, घाम ओळखायचं, आसपासचे आवाज ऐकायचं. पहिले काही महिने कडं फक्त शिकतं. लाटेच्या आधी काय काय घडलं ते लक्षात ठेवतं. पुढे ती खूण पटली की मनगटाला कंप देऊन माणसाला उठवतं आणि शिवणीवर ताण नको म्हणून आपणच हळूहळू सैल व्हायला लागतं.

शिवाय एक अंक होता. जीवनमानाचा. शंभरपैकी किती, ते यंत्रच ठरवायचं. किती वेळा जावं लागलं, घराबाहेर किती राहिलात, झोप किती लागली, हसलात किती. हो, हसणंसुद्धा. कड्याची उघडझाप फार झाली की शिवण घासते, म्हणून वर्षअखेर अंक साठाच्या खाली राहिला तर कडं काढून टाकायचं, आणि मग जन्मभराची पिशवी. हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. ह्यांनी तेव्हाच मला सांगून ठेवलं, "पिशवी लावून मी स्टेजवर उभा राहणार नाही. त्यापेक्षा मेलेलो बरा."

शिकण्याचे महिने संपले आणि पुण्याला बोलावलं. तिथं कोरे मॅडम म्हणून कंपनीची एक मुलगी होती, सानिका कोरे, आमच्या लेकीच्या, जुईच्या वयाची. तिनं पडदा आमच्याकडे वळवला.

"काकांना कशाकशानं त्रास होतो, ते सिस्टीमनं शोधलंय. आंबट ताक, प्रवास, फोनची रिंग. आणि सगळ्यात वर बघा, आवाज दोन."

"आवाज दोन म्हणजे?" मी विचारलं.

"आवाज एक म्हणजे काका स्वतः."

"मग दोन कोण? आमच्याकडे मांजर पण नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला उशिरानं उमगलं. ह्यांना आधीच उमगलं होतं, कारण हे टेबलावरच्या कुंडीकडे बघत होते.

"काकू, पर्सनली घेऊ नका हं," ती म्हणाली.

"माझा आवाज मी पर्सनली नको घेऊ, तर काय सोसायटीतर्फे घेऊ?"

तेवढ्यात ह्यांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. हे उठून आत गेले. पडद्यावरची रेघ उंच उडाली होती, ती मुलीनं मला बोटानं दाखवली. मी तोंडावर हात ठेवला.

हे परत येऊन बसले आणि म्हणाले, "मला अंदाज होताच."

एवढंच म्हणाले. आजही कुणी विचारलं, की तुला सगळ्यात जास्त कशाचं लागलं, तर मी ते तीन शब्द सांगेन. पोरीनं सुचवलं, की काही काळ काकूंचा आवाज टाळून पाहू. कुजबुज चालणार नाही, यंत्राला कुजबुजही ओळखू येते. अंक तेव्हा अडतीस होता.

मी का तयार झाले? तो पेट्रोलपंप ऐकला होता ना मी. नवऱ्यावर माझा जीव होता, दुसरं काय. परतीच्या वाटेवर मी फोनवर टाइप करून ह्यांना दाखवलं, 'आजपासून बोलत नाही. तुम्ही बरे व्हा.' ह्यांनी माझ्या हातावर थोपटलं. घरी येईपर्यंत एकदाही गाडी थांबवावी लागली नाही.

आषाढी जवळ आली होती. शेजारीपाजारी विचारायला लागले, बाईंची वाचा बसली की काय? ह्यांना आजाराचं कुणाला सांगायचं नव्हतं. गावाला फक्त 'पोटाचं ऑपरेशन' माहीत. तेव्हा ह्यांनीच युक्ती काढली. म्हणाले, चातुर्मास येतोच आहे. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं सोडतं, कुणी जेवताना मौन धरतं. तू चार महिने पूर्ण मौन धरलंयस म्हणून सांगू. माझ्या प्रकृतीसाठी. झालं, मी व्रतस्थ झाले. मला ओळखणाऱ्या बायका आधी पोट धरून हसल्या आणि मग येऊन पाया पडायला लागल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर हळदीकुंकू.

घरात मी हातवाऱ्यांवर आले. मीठ हवंय का, चिमूट दाखवायची. जेवायला चला, ताटावर वाटी वाजवायची. तर एकदा हे म्हणाले, वाटी पण जरा हळू. जुईचा फोन बेंगळूरहून आला की मी चप्पल घालून प्रीतिसंगमावर जायची आणि कृष्णेकडे तोंड करून तिच्याशी बोलायची. फोन ठेवल्यावरही बोलत बसायची, एकटीच. आज आमटी पातळ झाली, बोळातल्या नळाला पाणी आलं नाही, असलंच काहीतरी. नदीला कसलं कडं नव्हतं.

आणि खोटं कशाला सांगू, गुण आला. अंक चढायला लागला. पन्नास झाला, साठ ओलांडला. हे पाच-सहा वेळांवर आले. रात्रीची झोप लागायला लागली. पॅड लावायचे सोडले, पांढरा लेंगा-झब्बा कपाटातून निघाला आणि श्रावणात साताऱ्याला व्याख्यान झालं. दीड तास, उभ्यानं. मी पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसले. शेवटाकडे, जिथं माघारी न आलेल्यांच्या बायकांचं वर्णन येतं, तिथं हे थांबले. म्हणाले, "त्यागाला आवाज नसतो. माझी पत्नी समोर बसली आहे. माझ्या आजारपणात तिनं मौनव्रत घेतलंय. हिच्या मौनावर मी आज उभा आहे." सभागृह उठून उभं राहिलं. मला त्या दिवशी खरंच अभिमान वाटला. पुढच्या गावी तेच वाक्य, तिथंच थांबून, तसाच हात करून आलं, तेव्हा जरा कमी वाटला. नंतर नंतर तर लोक त्या वाक्यासाठीच येताहेत असं दिसायला लागलं, आणि बोलावणाऱ्यांच्या पत्रिकेत 'सपत्नीक' असं मुद्दाम छापून यायला लागलं. मढं दाखवून पैसे मागतात ना, तसं हे माझी मिटलेली जिवणी दाखवून टाळ्या घेत होते.

दिवाळीत पुण्याला तपासणी होती. अंक एकाहत्तर. कोरे मॅडमचा चेहरा मात्र उतरलेला.

"काका, काकू, मला तुमची माफी मागायची आहे," ती म्हणाली. "आणखी काही घरांमध्ये असंच निघालं. सिस्टीमला आवाज दोन म्हणजे कधी बायको, कधी मुलगी, कधी सून सापडली. जी सेवा करते, तीच. म्हणून आम्ही सगळं पुन्हा तपासलं. काकू, एक सांगा. म्हणजे लिहून सांगा. कडं शिकत होतं तेव्हा काकांना झोप लागली, बरं वाटलं, की तुम्ही काय करायचात?"

मी लिहिलं, 'चवड्यांवर चालायची. मिक्सर लावायची नाही. तोंडातून अवाक्षर काढायची नाही. बिचाऱ्यांना कुठं नव्हे तो डोळा लागलेला असायचा.'

"आणि त्रास सुरू झाला की?"

'दारापाशी उभी राहायची. पाणी देऊ का, लेंगा देऊ का, दमाने घ्या, असं बोलत राहायची. आत एकटं वाटू नये म्हणून.'

ती मान हलवत राहिली. "तेच झालं. काका शांत असताना तुमचा आवाज यंत्रानं कधी ऐकलाच नाही. जेव्हा जेव्हा लाट, तेव्हा तेव्हा तुम्ही. त्यानं तुम्हालाच कारण धरलं. मग तुम्ही साधं काही बोललात तरी ते आधीच सैल व्हायला लागलं, सैल झालं की काकांना लागायचीच, आणि त्याला वाटायचं आपलं बरोबर आहे. काकूंच्या आवाजानं काकांना काहीही होत नव्हतं. तब्येत तुमच्या गप्प राहण्यानं सुधारली नाही, कड्याची ती खोटी भीती बंद झाली म्हणून सुधारली."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. यंत्र लाखाचं, आणि त्याला हे कळू नये. पण मला रागसुद्धा आला नाही. मला रडू फुटलं, आनंदाचं. मी निर्दोष होते. विज्ञानानं सांगितलं होतं. पोरीनं पुढं सांगितलं, की दुरुस्ती सोपी आहे; काकूंनी पंधरा-वीस दिवस, काका निवांत असताना जवळ बसून रोज बोलायचं, सुरुवातीला इथंच, आमच्या देखरेखीखाली. कडं जे शिकलंय ते विसरेल. "तोवर मात्र घरी बोलू नका काकू. ते अजून तुमच्या आवाजाला तसंच सैल होतंय. कधी सुरू करूया?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"नको," हे म्हणाले.

"काय नको, काका?"

"दुरुस्ती नको. आहे ते उत्तम चाललंय. अंक एकाहत्तर आहे. कशाला घोळ घालायचा?" मग अगदी सौम्यपणे, व्याख्यानानंतर प्रश्नाला उत्तर देतात तशा सुरात, "आणि घरात शांतता आहे. वाचन होतं. या वयात माणसाला आणखी काय लागतं."

पोरगी म्हणाली, "पण काकू..."

"तिलाही सवय झालीय. हो ना गं?"

मी तिथं ओरडायला हवं होतं. पण कड्याची धास्ती अशी अंगात मुरलेली, की तोंड उघडलं आणि मिटलं. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "राग आला का तुला?" आणि माझ्या मांडीवर माझा फोन ठेवून म्हणाले, "लिहून सांग."

मी काही लिहिलं नाही. माझ्या आत काहीतरी त्या दिवशी मेलं, असं बायका सांगतात. माझ्या आत काही मेलं नाही. उलट इतकं जागं झालं, की मला कित्येक दिवस जेवण गेलं नाही. यंत्रानं माझी जीभ बांधली होती ती चुकून. नवऱ्यानं तीच गाठ, सगळं कळल्यावर, हातानं आवळली.

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला. त्या रविवारी सकाळी कराडच्या व्याख्यानमालेनं ह्यांचा सत्कार ठेवला होता. डुबल सर म्हणून आमच्या मालेचे कार्यवाह आहेत, हौशी आणि भाबडा माणूस. मौनव्रताच्या उद्यापनाला घंटा दान करतात, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. पितळेची नवी घंटा आणून तबकात ठेवलेली. ती माझ्या हस्ते शाळेला द्यायची आणि वहिनींनी व्यासपीठावरच मौन सोडायचं, असा त्यांचा बेत. ह्यांना तो घरून निघताना कळला.

"तू काही बोलायचं नाहीस," हे मला म्हणाले. "मी बघतो डुबलांचं."

ह्यांनी बघितलं ते असं. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र वाचून झालं. हे उत्तराला उभे राहिले, आभार मानले, नेहमीच्या जागी थांबले, माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "आज हिच्या व्रताची सांगता व्हायची होती. पण मित्रहो, काल हिनं माझ्यापाशी एक इच्छा व्यक्त केली. हे मौन आता आजन्म पाळायचं. मी नाही म्हणून पाहिलं. पण शेवटी तिच्या संकल्पापुढे मी कोण?"

आठशे माणसं उठून उभी राहिली. बायका रडत होत्या. टाळ्या थांबेनात. मी व्यासपीठावर सोफ्यात बसले होते, आणि माझ्या जन्माचा निकाल लागला होता, मला न विचारता, माझ्याच नावावर.

हे येऊन शेजारी बसले. डुबल सरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, घंटा हातात दिली, आणि सवयीनं माइक माझ्याकडे कलता केला. मी तो हातात घेतला. उभी राहिले.

"नमस्कार," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका घोगरा. ह्यांच्या मनगटावरचा पट्टा थरथरलेला मला ऐकू आला. हे पुढे सरकून उठायला लागले, तर डुबल सरांनी प्रेमानं खांदा दाबून बसवलं, "बसा हो सर. आता तुम्ही ऐका." कडं हातानं आवळायची सोय ह्यांच्या फोनवर होती. तो फोन माझ्या पर्समध्ये होता, कार्यक्रमाला नेहमी तिथंच असतो.

तुम्हाला वाटेल मी ह्यांचं बिंग फोडलं. एक अक्षर नाही. मी फक्त आभार मानले. आपल्याकडे आभारप्रदर्शनाला कुणी अडवू शकत नाही. मी अध्यक्षांचे मानले, प्रमुख पाहुण्यांचे मानले. मंडपवाल्यांचे, माइकवाल्यांचे, रांगोळी काढणाऱ्या मुलींचे मानले. नगरपालिकेचे मानले. मग आठवून आठवून शेजाऱ्यांचे, एकेकाचं नाव घेऊन, कुणी कधी डबा दिला ते सांगत. "आजन्म मौनाचं म्हणाल, तर यजमान थोडे हळवे आहेत, त्यांचा गैरसमज झाला," असंही म्हणाले. लोक हसले. आणि मी ह्यांच्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, म्हणाले, "आणि ह्यांचे आभार कसे मानू? ह्यांच्यामुळे तर मी आज इथं आहे."

ह्यांचा चेहरा शाडूसारखा पांढरा पडला होता. दोन्ही हातांनी सोफ्याची कड धरलेली. डोळे माझ्यावर. मला माहीत होतं आत काय चाललंय, माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार? दया आली का म्हणाल, तर आली. तरी मी चहावाल्यांचे आभार राहिलेत म्हणून तेही मानले.

पहिल्या रांगेतल्या बाईनं नाकाला पदर लावला. मग तिच्या शेजारणीनं लावला. डुबल सरांनी सोफ्याकडे पाहिलं आणि त्यांना काय करावं सुचेना. "फोटो नंतर काढू," असं काहीसं म्हणून त्यांनी पडदा पाडायला सांगितला.

घरी आल्यावर लेंगा मीच धुतला. ते काम कुणी दुसरं करणार नव्हतं.

"मुद्दाम केलंस," हे मोरीच्या दाराशी उभे राहून म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

नंतर ह्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. फोन उचलले नाहीत, हसण्याचा तर प्रश्नच नव्हता. मी घरात पूर्वीसारखी बोलत होते, कड्याचं जे व्हायचं ते होत होतं. वर्षअखेरीच्या तपासणीला अंक एकोणतीस निघाला. कोरे मॅडम हवालदिल. म्हणाली, शिवण घासायला लागलीय, नियमानं कडं काढावं लागेल. पण एक वाट आहे. काकूंनी दुरुस्तीला आवाज दिला, तर ती वरच्यांकडून एक महिना मागून घेईल. उपकरण तयार आहे, आज, आत्ता सुरू करता येईल.

"मी तयार आहे," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, सगळं गृहीतच धरलेलं. आता हात जोडले, पोरीच्या देखत. "उल्का. बोल काहीतरी. काहीही बोल."

पोरीनं माइक माझ्यापुढे सरकवला. "काकू, भाजीपाल्याचं बोललात तरी चालेल."

मी माइककडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. ओठ मिटून बसले. पोरगी पुन्हा म्हणाली, "काकू, प्लीज." हे रडायला लागले. मी पर्स मांडीवर घेऊन, ती मुलगी उठून पडदा बंद करेपर्यंत, तशीच बसून राहिले.

पौषात ऑपरेशन झालं. आता कायमची पिशवी आहे. ती मीच बदलते, दर तीन-चार दिवसांनी, हे आढ्याकडे बघत पडून असतात तेव्हा, आणि बदलताना सगळं बोलून घेते, चार महिन्यांचं आणि त्याआधीचंही. पिशवीला कान नसतात.